बोटांचा पाय

“बोटं कशाला हवीत तुला?” वारंगकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “बुटात गेल्यावर कोण बघतंय?”

पुण्यातल्या ज्या इस्पितळात आम्हा जवानांना कृत्रिम पाय बसवून देत, तिथल्या वर्कशॉपचे ते जुने कारागीर. त्यांनी जवानांचे पाय केले होते, सुभेदारांचे केले होते, एका कर्नलसाहेबांचाही केला होता. पण ते सगळे पाय बुटात जाणारे. त्यांचा पुढचा भाग पावाच्या लादीसारखा गुळगुळीत असायचा. बोटं मागणारा गडी त्यांना इतक्या वर्षांत भेटला नव्हता.

“माझं लग्न आहे, काका,” मी म्हणालो.

“मग? नवरदेव बूट घालतातच की.”

“सासरे पाय धुणार आहेत. परातीत. दोन्ही.”

काकांनी हातातली कानस खाली ठेवली. मुलीच्या बापानं नवरदेवाला बसवून दुधापाण्यानं त्याचे पाय धुवायचे, ही आमच्याकडची रीत त्यांना ठाऊक होती. आणि मला तेव्हा दिलेला पाय लाकूड-चामड्याचा होता, त्याला पाणी लागू द्यायचं नाही असा सक्त हुकूम होता. आंघोळीच्या वेळी तो काढून कोपऱ्यात उभा करावा लागे. काका म्हणाले, रबराचा करता येईल, भिजला तरी बिघडणार नाही. पण बोटांचं काय करायचं ते त्यांनाही लगेच सुचेना.

माझी गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो, कारण तिच्यात रेंगाळायला मला तेव्हाही आवडत नसे. मी जोतीराम चौगुले, आजऱ्याकडचा, सैन्यात सॅपर. सीमेवर तणाव होता त्या हिवाळ्यात आम्हीच वाळूत सुरुंग पेरले आणि तणाव निवळल्यावर काढायलाही आम्हीच गेलो. वाळू सरकते, तिच्याबरोबर सुरुंगही सरकतो. नकाशात जिथं तो असायला हवा होता तिथून तो थोडा पुढं आला होता, आणि त्यावर माझा डावा पाय पडला. गुडघा वाचला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहेस. त्या वेळी मला त्यांचा रागच आला होता.

सुट्टीत साखरपुडा उरकून मी सीमेवर गेलो होतो. मुलगी गडहिंग्लजकडची, शालन खोत. इस्पितळात शुद्धीवर आल्यापासून माझ्या डोक्यात एकच होतं, तिला मोकळं करायचं. तिचे वडील भेटायला येणार असं कळलं तेव्हा मी दिलावरला समोर बसवून तालीमसुद्धा केली.

दिलावर मुजावर हा मिरजेचा, माझ्याच कंपनीतला. त्याचा उजवा पाय माझ्या आधी महिनाभर गेला होता, त्यामुळे तो वॉर्डात स्वतःला सीनियर समजायचा. तालमीत तो माझा सासरा झाला, डोक्याला टॉवेल गुंडाळून खाटेवर मांडी घालायचा प्रयत्न करत बसला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “जावईबापू, साखरपुड्याची अंगठी परत मागू नका, मोडून खाल्ली.” तालीम तिथंच संपली.

खरे सासरे, म्हणजे आमचे मामा, आले ते बुंदीच्या लाडवांचा डबा घेऊन. एसटीत ड्रायव्हर म्हणून जन्म गेलेला माणूस, अंगानं आडवा, आवाज इंजिनावर मात करायची सवय असलेला. ते आधी माझ्याकडं आलेच नाहीत. प्रत्येक खाटेपाशी थांबून लाडू देत होते आणि तुमचा पाय कुठं गेला, कसा गेला, दुखतंय का, असं सरळ विचारत होते. म्हैस किती दूध देते हे विचारावं, इतक्या साधेपणानं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वॉर्डातले गडी मात्र त्यांना भरभरून सांगत होते.

मग ते माझ्या खाटेवर बसले. मी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. शालनपुढं आयुष्य आहे, तुम्ही दुसरं स्थळ बघा, मी मनात काही धरणार नाही वगैरे. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

“झालं बोलून?” ते म्हणाले. “शालन म्हनती, तारीख बदलायची न्हाई. तिचं ते झालं. माझं एकच हाय. पाय मी दोन्ही धुणार.”

मी म्हणालो, एकच धुतला तरी चालेल, दुसऱ्यावर उपरणं टाकू.

“का? अर्धा जावई करून घेऊ काय मी?”

उठता उठता त्यांनी आणखी एक सांगितलं. त्यांचा चुलतभाऊ तातोबा, भावकीत ज्याचा शब्द चालतो तो, म्हणत होता की खोटा पाय परातीत घेणं अशुभ, भरल्या मांडवात हसं होईल. “त्येचं मी बघतो,” मामा म्हणाले. “तुमी पायाचं बघा.”

मी त्याचा अर्थ असा लावला की मामांना हुबेहूब पाय हवा आहे. असा, की मांडवात कुणाला खरा कुठला आणि खोटा कुठला हे कळताच कामा नये. माझीही तीच इच्छा होती. गावाकडं मी कळवलं होतं की पायाला ‘थोडं लागलंय’. आई सोडली तर घरात कुणाला मी तो पाय पाहू दिला नव्हता. लोकांच्या नजरा लगेच खाली जातात आणि मग घाईनं वर येतात, ते मला सोसत नसे. एवढं लग्न लपूनछपून निभावलं की जिंकलो, असं मी ठरवून टाकलं.

आता बोटं. वारंगकाका म्हणाले, जिवंत पायाचा साचा घ्यावा लागेल. मी माझा उजवा पुढं केला.

“उजव्याच्या साच्यातून उजवाच निघणार,” काका म्हणाले. “अंगठा बाहेरच्या बाजूला असलेला नवरदेव चालेल का तुझ्या सासऱ्याला?”

म्हणजे माझ्या मापाचा डावा पाय हवा होता. वॉर्डात डावा पाय शाबूत असलेले निम्मे गडी, त्यातून माझ्या मापाचा एकच, दिलावर. त्यानं लगेच भाव खाल्ला. पाय देतो, पण लग्नात मानाचा फेटा हवा आणि पंगतीत पहिल्या ओळीत जागा. मी कबूल केलं. प्लॅस्टर लावताना त्याला इतक्या गुदगुल्या झाल्या की पहिला साचा त्यानं हसून मोडला. दुसऱ्या वेळी दोघांनी त्याला दाबून धरलं आणि काकांनी त्याला शिव्या देत काम उरकलं.

रबराचा पाय तयार झाला तेव्हा आम्ही तिघं त्याच्याकडं बघत राहिलो. बोटं, नखं, घोट्याखालच्या शिरासुद्धा. पण रंग. माझा पाय शेतात आणि वाळूत रापलेला, आणि हा कच्च्या भोपळ्याच्या फोडीसारखा. काका म्हणाले, रबर याच रंगाचं येतं, माझ्याकडं दुसरं नाही. चालायला मात्र तो पाय फार सुरेख होता. अनवाणी चाललो तेव्हा फरशीवर बोटं टेकली, आणि मला एकदम बरं वाटलं. खूप दिवसांनी.

रंगाची काळजी मात्र डोक्यातून जाईना. दिलावर म्हणाला, “तू बोहल्यावर बस. रंगाचं माझ्यावर सोड.”

लग्न शालनच्या गावी होतं. दिलावर आदल्या दिवशीच कुबडी घेऊन हजर झाला, कारण त्याचा स्वतःचा पाय अजून तयार व्हायचा होता. सकाळी मला हळद लागली, मी आंघोळीला बसलो, पाय काढून बाहेर ठेवलेला. न्हाणीतून आलो तर पाय जागेवर नाही. बऱ्याच वेळानं दिलावर तो घेऊन आला, एका काखेत कुबडी आणि दुसऱ्या हातावर पाय, पोरगं कडेवर घ्यावं तसा. मी पाहतच राहिलो. रंग हुबेहूब माझा. दोन्ही पाय शेजारी ठेवले तर मलाच फरक कळेना.

“काय लावलंस?”

“मेहनत,” तो म्हणाला.

मी त्याला मिठी मारली. हळदीचा, उदबत्तीचा आणि मांडवामागं उकळणाऱ्या रश्श्याचा इतका वास भरला होता की दुसरा कुठला वास नाकाला लागायला जागाच नव्हती.

मांडव गच्च भरला होता. मी खुर्चीत बसलो, समोर पितळी परात. मामा नवं धोतर सावरत पाटावर बसले. मामी तांब्यातून कोमट दूधपाणी घालू लागल्या. शालन बाजूला मान खाली घालून उभी, पण तिची नजर परातीतच होती हे मला दिसत होतं. पुढच्या ओळीत तातोबाकाका हाताची घडी घालून बसले होते. उंच, किडकिडीत, चेहऱ्यावर एक रेघ हलत नाही.

उजवा पाय झाला. मामांनी डावा हातात घेतला. मामींनी पाणी घातलं, मामांनी तळव्यापासून बोटांपर्यंत हात फिरवला, आणि परातीतलं पांढरं दूध तपकिरी झालं.

आधी थोडं, मग सगळंच. चहासारखं. मामांचे तळहात तपकिरी, नव्या धोतराच्या काठावर तपकिरी शिंतोडे. आणि मग तो वास वर आला, आमच्या बराकीतल्या प्रत्येक सकाळचा वास. बूटपॉलिश. सैन्यात कुठलीही वस्तू नजरेत खटकली की तिच्यावर पॉलिश मारायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं. दिलावरनं दोन डब्या कालवून बरोबर माझा रंग जमवला होता आणि ब्रशनं चांगले थर चढवले होते. कोमट पाण्यात आणि एसटी ड्रायव्हरच्या हाताखाली ते टिकणार नाहीत, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मानाचा फेटा डोळ्यांवर ओढून घेतला होता.

मांडवात कुजबुज सुरू झाली. मागं कुणीतरी खुसकन हसलं. भटजींचे मंत्र थांबले. माझ्या पायावर पट्टे पडले होते, निम्मा तपकिरी, निम्मा भोपळ्याचा. आता सगळ्या गावाला कळलं होतं. मला वाटलं, उठावं आणि चालत सुटावं, पण खोटा पाय मामांच्या हातात होता.

“रंग गेला की, दादा,” तातोबाकाका म्हणाले.

“जाऊ दे,” मामा म्हणाले आणि मामींना म्हणाले, “ही परात वता. दुसरं पानी आना.”

दुसरं पाणी आलं. त्यांनी पुन्हा धुवायला घेतलं. घाई नाही, राग नाही. तिसऱ्यांदा पाणी आलं. बोटांच्या बेचक्यांत अडकलेलं पॉलिश ते एकेक बोट उकलून काढत होते. रबराला काही कळत नाही हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी मला ते हात जाणवत होते असं मी आजही म्हणेन. शेवटी पाय त्याच्या मूळ रंगाचा, स्वच्छ झाला. मामांनी उपरण्यानं दोन्ही पाय पुसले, मामींनी दोन्हींवर कुंकू लावलं. मग मामा गुडघ्यावर हात देऊन उठले आणि एसटीच्या शेवटच्या सीटपर्यंत जाईल अशा आवाजात बोलले.

“ह्यो पाय खरा, ह्यो रबराचा. मूळचा सुरुंगात गेला. दोन्ही मी धुतल्यात. कुनाला काय इचारायचं असंल तर जावयाला आत्ताच इचारा. पंगतीत कुजबुज नको.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मामांना हुबेहूब पाय नकोच होता. त्यांना तो सगळ्यांच्या देखत धुवायचा होता, म्हणजे पुढं कुणाला पाठीमागं बोलायला काही उरणार नाही.

कोण विचारणार, असं मला वाटलं. पण एका म्हातारीनं सुरुवात केली. पावसात तो फुगत नाही ना? नाही, आजी. मग दुसरा म्हणाला, झोपताना काढता का? काढतो. शेतात चिखलात चालतंय का? काटा मोडला तर? काटा मोडला तर कळतच नाही, मी म्हणालो, आणि मांडव हसला. मीही हसलो. सुरुंग कसा सरकतो ते सांगितलं. बोटं दिलावरची आहेत हेही सांगितलं. तेव्हा मामांनी दिलावरला फेट्यासकट पुढं ओढून आणलं, म्हणजे तुझाच पाय मी धुतला की, म्हणाले, आणि त्याला आहेराची टॉवेल-टोपी दिली. भटजी घड्याळाकडं बोट दाखवत होते, मुहूर्त टळत होता, तरी प्रश्न संपेनात. इतक्या महिन्यांत इस्पितळाबाहेर माझ्याशी कुणी माझ्या पायाबद्दल तोंडावर बोललं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की अक्षता पडताना मी उभा आहे कुठल्या पायावर, हे विसरलो होतो.

जेवणं झाली. शालन आणि मी दारातल्या बाकावर बसलो होतो, दिलावर पानाचा तोबरा भरून शेजारी. तातोबाकाका आले. मला वाटलं, आता अशुभाचा हिशेब निघणार. ते वाकून माझ्या पायाची बोटं बघू लागले.

“बाईमान्साचा बी करत्यात काय?” त्यांनी विचारलं.

“पाय? करतात की, काका.”

“बोटांसकट?” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “जोडवी घालता येतील असा?”

शालन चटकन माझ्याकडं वळली आणि हळूच म्हणाली, “कुसुम.” कुसुम ही तातोबाकाकांची मुलगी, तिच्याच वयाची. काही वर्षांपूर्वी मळणीच्या मशिनीत तिचा पाय गेला. तेव्हापासून काकांनी तिला घराबाहेर काढलं नव्हतं. लग्नघर चार घरांवर, तरी ती आली नव्हती. मी ज्या माणसाला सकाळपासून खडूस म्हणत होतो तो मांडवात हाताची घडी घालून नक्की काय बघत होता, ते मला आता कळलं.

दिलावरनं पान थुंकलं. “कुठला पाय, काका?”

“उजवा.”

“उजवा तर माझ्याकडं न्हाई,” तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं.

शालननं शालूचा काठ घोट्यापर्यंत वर घेतला आणि हिरव्या चुड्याच्या हातानं आपल्या उजव्या पायाकडं बोट केलं. “माझा हाय की. लहानपणापास्नं आमी एकमेकींच्या चपला घालतोय.”

आमच्याकडं लग्नानंतर जोडपं देवदर्शनाला जातं. आम्ही देवाला नंतर गेलो, आधी भाड्याच्या जीपमधून पुण्याला गेलो. मी, शालन, तातोबाकाका आणि मधल्या सीटवर कुसुम. सगळ्या वाटेत ती खिडकीतून बघत होती. सातारा मागं पडल्यावर तिनं काच खाली केली, तेवढंच.

वारंगकाकांना मी फोन केलेला होता. त्यांनी कुसुमला एका स्टुलावर बसवलं, शालनला दुसऱ्यावर. प्लॅस्टर कालवलं. मग शालनचा पाय हातात घेऊन ते अडखळले. तिच्या बोटात जोडवं होतं, कोरं, चकचकीत.

“हे काढावं लागेल, बाई,” ते म्हणाले. “प्लॅस्टरमध्ये अडकेल. तुमच्यात चालत नसेल तर तसं सांगा.”

चालत नाही, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. लग्नाला आठवडा झाला नव्हता. तातोबाकाका पुढं झाले, नको म्हणणार होते बहुतेक. शालननं त्यांच्याकडं बघितलंही नाही. वाकून तिनं जोडवं काढलं. मी हात पुढं केला होता, पण तिनं ते मला दिलं नाही, कुसुमच्या हातात ठेवून तिची मूठ मिटली.

“धर,” ती म्हणाली. “हरवलंस तर तुझ्या लग्नातलं घेईन.”

कुसुम मुठीकडं बघून हसली. तातोबाकाका चहाचं बघतो म्हणून बाहेर गेले, ते बराच वेळ आत आलेच नाहीत.